रस्त्याचे काम आधी ठरवा, रुंदी नंतर

कल्याणहून मुरबाड आणि माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहाडला पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडतो. याच टापूत लोकलमधून उतरणारे नोकरदार, सेंच्युरी रेयॉनचे कामगार, बिर्ला मंदिराचे भाविक आणि शेअर रिक्षा यांची ये-जा असते. घाटाकडे निघालेला ट्रक आणि स्थानकाकडे निघालेली विद्यार्थिनी यांच्या गरजा वेगळ्या. सरकारदरबारी मात्र रस्त्याची नोंद एकच, महामार्ग.

आपल्याकडे रस्ता ओळखला जातो तो मालकीवरून किंवा रुंदीवरून. विकास आराखड्यात ९, १२, १८, २४ मीटर असे आकडे असतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्याच रुंदीवर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणि बांधकामाची मर्यादा ठरते. साहजिकच रुंदीकरणाची चर्चा इमारतींभोवती फिरते. चालणारा माणूस तिच्यात येतच नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८३ मध्येच शहरी रस्त्यांचे आर्टेरियल (मुख्य), सब-आर्टेरियल (उपमुख्य), कलेक्टर (गल्ल्यांना मुख्य रस्त्यांशी जोडणारे) आणि लोकल (गल्लीतले) असे चार वर्ग केले. पण त्यांचा पाया वाहनाची गती हा होता: आर्टेरियलला ताशी ८० किलोमीटर, लोकलला ३०. रस्त्यावर खरेदी होते, मुले खेळतात, म्हातारी माणसे गप्पा मारत थांबतात, याला त्या उतरंडीत फारसे स्थान नव्हते. लंडनने २०१३ मध्ये ‘वाहतूक’ आणि ‘ठिकाण’ असे दोन निकष एकत्र मांडून रस्त्यांचे नऊ प्रकार केले. पुण्यानेही २०१६ मध्ये रस्तारचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी प्रशस्त पदपथ केले.

शहाडलगतच्या उल्हासनगरला अशा वर्गीकरणाची निकड अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. इतक्या दाट वस्तीत बाजार, शाळा, स्थानक बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतात. तरीही पदपथ तुटक असला की माणूस नाइलाजाने रिक्षा किंवा दुचाकी पकडतो. कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराच्या भागांतल्या निवासी गल्ल्या ‘लोकल’ ठरवून तिथे वेग ताशी ३० किलोमीटरवर आणता येईल. बाजाराच्या रस्त्यांवर माल उतरवण्याच्या वेळा बांधता येतील. स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पदपथ आणि बसथांबा यांना पहिला हक्क देता येईल, आणि अवजड वाहनांचा मार्ग वेगळा आखता येईल.

अडचण हद्दीची आहे. कल्याण–बदलापूर रस्ता दोन महापालिका आणि दोन नगरपरिषदांच्या हद्दींना जोडतो. हद्द बदलली म्हणून रस्त्याचा वर्ग बदलू नये, यासाठी या चारही संस्थांच्या अभियंत्यांनी आणि नगररचनाकारांनी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासह (एमएमआरडीए) एकच नकाशा करायला हवा. सुरुवात शहाड, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरपासून करावी. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक निविदेत रस्त्याचा वर्ग लिहावा आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या मानकानुसार किमान १.८ मीटर मोकळा पदपथ मिळाल्याची खात्री झाल्यावरच कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करावे.