मनोविकार : मेंदूत की परिस्थितीत?

घरातील एखादे माणूस मनाने खचले की भोवताली दोन पक्ष पडतात. एक पक्ष मेंदूतील रसायनांकडे बोट दाखवितो, दुसरा स्वभावाच्या दुबळेपणाकडे. दोन्ही निदानांत एक सोय आहे. रोग्याच्या परिस्थितीची झडती कोणालाच घ्यावी लागत नाही. संशोधनाला मात्र ही सोय मान्य नाही.

२००३ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथील ८४७ तरुणांच्या अभ्यासावरून असे जाहीर झाले की, एका विशिष्ट जनुकाचे एक रूप ज्यांच्या ठायी असते ते आघातानंतर नैराश्याला अधिक बळी पडतात. या शोधाचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१९ साली अशा १८ बहुचर्चित जनुकांची तपासणी लक्षावधी व्यक्तींच्या माहितीवरून झाली, तेव्हा त्या दाव्यांना आधार मिळाला नाही. म्हणून आनुवंशिकता खोटी ठरत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार नैराश्याच्या प्रवृत्तीत तिचा वाटा सुमारे ३७ टक्के आहे. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे.

उरलेल्या वाट्याचे काय? जॉर्ज ब्राऊन व टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. मन मोकळे करावे असे जवळचे माणूस नाही, घरात तीन वा अधिक लहान मुले, बाहेर नोकरी नाही, बालपणीच आईचे छत्र हरपलेले, अशा स्त्रिया आघाताने अधिक खचतात, असे त्यांना आढळले. मेंदूवर पडणारा भार कोठून येतो, याचा हा जमाखर्चच होय.

आता पैशाचा हिशेब पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे २००२ ते २०१५ या काळातील संचालक थॉमस इन्सेल यांनी पुढे कबूल केले की, सुमारे दोन हजार कोटी डॉलर खर्चून उत्तम शोधनिबंध निघाले, परंतु आत्महत्या घटविण्यात किंवा रोग्यांचे जीवन सुधारण्यात फारशी प्रगती झाली नाही. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच: एका कामी लावलेला पैसा दुसऱ्या कामाला मुकतो.

ते दुसरे काम कोणते, हे गोव्याने दाखविले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्तांवर एक प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातील ६४ टक्के रोगी लक्षणांतून बाहेर आले; नेहमीच्या उपचारांच्या जरा सुधारलेल्या सेवेत हे प्रमाण ३९ टक्के होते. याउलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात नैराश्य, चिंता अशा सर्वसाधारण मनोविकारांच्या १०० पैकी ८५ रोग्यांना उपचारच मिळत नाहीत.

जनुकांचा शोध थांबवावा, असे कोणीही म्हणणार नाही. तीव्र मनोविकारांत औषधांना पर्याय नाही आणि नवी औषधे प्रयोगशाळेतूनच येतील. परंतु त्या शोधाची वाट पाहत हाताशी असलेला उपाय अडवून ठेवणे अन्यायाचे आहे. २०१७ च्या कायद्याने नागरिकाला शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. हा हक्क खरा करावयाचा तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित पगाराचा एक समुपदेशक हवा. तशी तरतूद अंदाजपत्रकात आहे काय, हे आपण आपल्या लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे.