कोरोना निगेटिव्ह आला, मग माणूस गेला कशाने?

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही पत्रकार रोज तीनच आकडे विचारत होतो. बेड किती, ऑक्सिजन किती, रेमडेसिविर किती. चौथा प्रश्न मी विचारला नाही, हे आज कबूल करतो.

ओळखीतले एक काका तेव्हा व्हेंटिलेटरवर होते. सोळाव्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरच्यांना वाटलं, सुटलो. चार दिवसांनी काका गेले. "फुप्फुसात इन्फेक्शन वाढलं" एवढंच कळलं. कुठलं इन्फेक्शन? ना त्यांनी विचारलं, ना मी.

विषाणूने फुप्फुस आधीच पोखरलेलं असतं. स्टेरॉइड जीव वाचवतं, पण प्रतिकारशक्तीही दाबतं. त्यात घशातून नळी थेट आत जाते. जंतूंना आयताच रस्ता मिळतो.

आयसीएमआरने २०२० मध्ये १० हॉस्पिटलांतले १७,५३४ कोविड रुग्ण तपासले. बॅक्टेरिया किंवा बुरशीचा दुय्यम संसर्ग फक्त ३.६ टक्के रुग्णांना झाला होता. पण त्यांच्यातला मृत्युदर ५६.७ टक्के! एकूण रुग्णांत तो १०.६ होता. हे रुग्ण मुळातच जास्त आजारी होते, मान्य. पण सापडलेले जंतू बघा: क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर. हॉस्पिटलातच ठाण मांडणारे, भारी अँटिबायोटिकलाही न जुमानणारे.

दुसरी बाजू आपली. डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये सांगितलं की दाखल कोविड रुग्णांपैकी ८ टक्क्यांनाच बॅक्टेरियाचा संसर्ग होता, अँटिबायोटिक मात्र ७५ टक्क्यांना दिलं गेलं. म्हणजे गरज नसलेल्यांना गोळ्या, आणि खरी गरज पडली तेव्हा औषध चालेना.

डॉक्टर-नर्सना शिव्या घालायला हे लिहीत नाहीये. एका नर्सकडे डझनभर पेशंट असतील तर प्रत्येक वेळी हात धुवायचे कधी? दोष व्यवस्थेचा आहे.

म्हणून पुढच्या वेळी नेते ऑक्सिजन प्लांटची फीत कापायला येतील, तेव्हा टाळ्या वाजवा आणि विचारा: कल्चर तपासणीची लॅब इथे आहे का? रिपोर्ट किती दिवसांत येतो? आयसीयूत जंतुसंसर्ग रोखण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

आणि साध्या सर्दीला मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका.

मी माझा चौथा प्रश्न उशिरा विचारतोय. तुम्ही उशीर करू नका.