कार्ट्रिजवरची तारीख आणि आपले निदान

जून उजाडला की प्रवेशअर्ज, दाखल्यांच्या प्रती आणि शाळेचे प्रकल्प घरोघरच्या प्रिंटरवर एकदम येऊन पडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रिंटर बंदच असतो. विदर्भात तर तो चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उष्म्यात पडून राहिलेला असतो. तो सुरू केला की पडद्यावर इशारा येतो: कार्ट्रिजची मुदत संपली, शाई संपत आली, कार्ट्रिज ओळखता येत नाही. संदेश बहुधा इंग्रजीत असतो, अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि गिऱ्हाईक आपल्याला फोन करते. "एक्स्पायर झालंय, नवीन टाकावं लागेल," हे उत्तर आपल्या धंद्यात फार सहज दिले जाते. नोझल चेक काढून पाहिल्याशिवाय हे वाक्य बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात हा इशारा तयार कसा होतो? कार्ट्रिजच्या चिपवर उत्पादनाची तारीख नोंदलेली असते. पहिल्यांदा बसवले त्या दिवसाचीही नोंद होते. प्रिंटर या तारखांचा हिशेब करतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की संदेश दाखवतो. शाई घट्ट झाली का, रंग खाली बसला का, हेडमध्ये हवा शिरली का, यांतले काहीही त्याने तपासलेले नसते. एचपीच्या ज्या जुन्या बिझनेस इंकजेट आणि ऑफिसजेट प्रिंटरांत 10, 11, 88 अशा क्रमांकांची कार्ट्रिजे लागत, त्यांत हेड वेगळे आणि शाईचे कार्ट्रिज वेगळे असे. अशा काही मालिकांसाठी उत्पादनापासून साडेचार वर्षे किंवा बसवल्यापासून तीस महिने, यांतले जे आधी येईल ती मुदत धरली जाई. हेड कायमचे असल्याने जुनी शाई त्यात जाऊ नये, हे कंपनीचे कारण होते आणि ते पोकळ नव्हते. पण ग्राहकाला हे कारण कोणी समजावून सांगितले नाही. 2005 मध्ये अमेरिकेत याच मुद्द्यावर एचपीविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. शाई शिल्लक असताना चिप कार्ट्रिज बंद पाडते, अशी तक्रार होती. कंपनीने आरोप मान्य केला नाही, पण 2010 मध्ये तिच्याच संकेतस्थळावर खरेदीसाठी वापरता येईल अशा 50 लाख डॉलरपर्यंतच्या सवलतीवर तडजोड झाली. वकिलांच्या मानधनाच्या प्रश्नावरून वरच्या न्यायालयाने 2013 मध्ये तीही रद्द ठरवली. एका संदेशाच्या शब्दांवरून आठ वर्षे कोर्टात गेली.

दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे मांडायला हवी, कारण रिफिल करणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना शाई कधी खराब होतच नाही असे वाटते. शाई खराब होते. घरगुती प्रिंटरच्या शाईत सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. त्यात ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव, रंग आणि बुरशी रोखणारे रसायन असते. सीलबंद पाकिटातूनही वर्षानुवर्षांत थोडी वाफ निघून जाते, आणि टेप काढून बसवलेल्या कार्ट्रिजमधून तर रोज जाते. पाणी उडाले की मागे राहिलेली शाई दाट होते. एचपी आणि कॅननच्या बहुतेक घरगुती मॉडेलांत बारीकसा हीटर शाई क्षणभर तापवतो, तिच्यातल्या पाण्याचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. पाणीच कमी झाले तर बुडबुडा नीट होत नाही, थेंब लहान पडतो किंवा वाकडा जातो. काळी शाई पुष्कळदा पिगमेंटची असते. तिचे कण तळाशी बसतात, म्हणून काळा फिका येतो आणि रंगीत भाग मात्र ठीक दिसतो. आणखी एक गोष्ट: तो हीटर थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. शाई पोहोचत नसताना प्रिंट देत राहिले की हीटर जळतो. मग कितीही क्लीनिंग केले तरी ती रेघ परत येत नाही.

तेव्हा टेबलावर आलेल्या प्रिंटरचे काय करायचे? संदेश बाजूला ठेवून आधी नोझल चेक काढावा. काही मॉडेलांत मुदतीच्या इशाऱ्यावर 'ओके' दाबून पुढे जाता येते. मात्र जुन्या शाईमुळे पुढे बिघाड झाला तर वॉरंटीतून दुरुस्ती मिळणार नाही, हे ग्राहकाला तेव्हाच सांगावे. नमुना पूर्ण आला, रेघा तुटलेल्या नाहीत, रंग खरे आहेत, तर ते कार्ट्रिज वापरण्याजोगे आहे, तारीख काहीही असो. तुटक आला तर एचपी 803, 678 किंवा कॅनन 745, 746 यांसारख्या हेडसकट येणाऱ्या कार्ट्रिजच्या नोझलची बाजू कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर अलगद टेकवून धरावी. सगळ्या रंगांचे पट्टे उमटले तर शाई वाहते आहे, एखाद्या क्लीनिंगने काम होईल. तांब्याच्या पट्टीला हात लावू नये. दोन-तीन क्लीनिंगनंतर फरक पडला नाही तर थांबावे, प्रिंटर काही तास बंद ठेवून पुन्हा पाहावे. क्लीनिंगमागून क्लीनिंग मारण्याची सवय वाईट. त्यात उरलेली शाई वेस्ट पॅडमध्ये जाते, पॅडचा काउंटर भरतो आणि एका तक्रारीच्या जागी दोन होतात.

अशा कार्ट्रिजमध्ये हेड नव्या कार्ट्रिजबरोबर नवेच मिळते, म्हणून जुनी शाई चालवून पाहण्यात धोका थोडा. इंक टँक प्रिंटरचे गणित उलटे आहे आणि आपले लक्ष तिकडे कमी जाते. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात टँकचे प्रिंटर आणले, मग कॅनन, एचपीही त्या वाटेने गेले. आज आपल्याकडे येणाऱ्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे. यांतल्या बहुतेकांच्या बाटल्यांवर चिप नसते. म्हणजे दुकानात तीन वर्षे पडलेली बाटली ओतली तरी पडद्यावर काहीच येत नाही, आणि ती शाई जाते नळ्यांतून थेट कायमच्या हेडमध्ये. एप्सनच्या पिएझो हेडची किंमत पाहता पुष्कळदा प्रिंटरच भंगारात काढावा लागतो. जिथे इशारा येतो तिथे आपण घाईने कार्ट्रिज फेकतो आणि जिथे इशारा येत नाही तिथे बाटलीवरची तारीख वाचतही नाही. हे दोन्ही बदलायला हवे.

मुदतीच्या इशाऱ्याशी ज्यांची गल्लत होते ते आणखी दोन इशारे आहेत. शाई संपत आल्याचा संदेश बहुतेक ठिकाणी थेंब मोजून काढलेला अंदाज असतो. कॅननच्या अनेक पिक्स्मा मॉडेलांवर ई13 किंवा ई16 आला की स्टॉपचे बटण पाच सेकंद दाबून काम पुढे नेता येते, पण त्यानंतर त्या कार्ट्रिजची पातळी मोजणे बंद होते. आता नजर तुम्ही ठेवायची, हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, नाहीतर हीटर जळण्याची वेळ आपणच आणतो. दुसरा प्रकार कुलपाचा. 13 सप्टेंबर 2016 रोजी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिजे अचानक नाकारली. टीकेनंतर कंपनीला माफी मागून ती अट काढणारे फर्मवेअर द्यावे लागले. अशा बंधनांची माहिती ग्राहकांना नीट दिली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2020 मध्ये याच कंपनीला 1 कोटी युरोचा दंड केला. प्रदेशाचे कुलूपही असते: दुबईहून किंवा अमेरिकेहून मुलाने आणून दिलेले कार्ट्रिज इथल्या प्रिंटरला चालत नाही, यात त्या शाईचा काही दोष नसतो. या तिन्ही प्रकारांना सरसकट 'एक्स्पायर' म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, मग ती अज्ञानाने होवो की विक्रीसाठी.

चिप रिसेट करणाऱ्यांना आमचा विरोध नाही. ग्राहकाने विकत घेतलेली शाई त्याला शेवटच्या थेंबापर्यंत वापरता यावी, या बाजूचेच आम्ही आहोत. मात्र रिसेट केले, तारीख ओलांडलेली शाई वापरली किंवा कंपॅटिबल कार्ट्रिज टाकले, तर ते बिलावर लिहा. सांगून केलेल्या कामाबद्दल ग्राहक भांडत नाही. आणि वितरकाकडून माल घेताना पाकिटावरचा महिना-वर्ष पाहा, जुना माल परत करा. स्वस्तात मिळाला म्हणून तो गावाकडच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे दुकानदार आपल्यातच आहेत.

कंपन्यांकडे मागणी एवढीच की वॉरंटीची तारीख उलटली आणि शाई वापरण्यास अयोग्य ठरली, हे दोन वेगळे संदेश असावेत, दोन्ही मराठीतही दिसावेत आणि पुढे जाण्याचा पर्याय ग्राहकाच्या हाती असावा. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. तिथे मोबाइल, मोटारी, ट्रॅक्टर यांची चर्चा होते, प्रिंटरची फारशी नाही. ती सुरू करण्याइतके पुरावे रोज आपल्याच टेबलावर येतात.

म्हणून वाचकांना विनंती: या हंगामात मुदतीचा इशारा घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रिंटरची नोंद ठेवा. मॉडेल, कार्ट्रिजचा क्रमांक, पाकिटावरची तारीख, नोझल चेकचा निकाल आणि पुढे जाण्याचा पर्याय मिळाला की नाही, एवढे पुरे. नोझल चेकचा कागद जोडून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा, ग्राहकाचे नाव मात्र त्यात नको. आणि जे कार्ट्रिज खरोखरच निकामी ठरेल ते कचराकुंडीत टाकू नका. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही उल्लेख आहे, त्याची जागा अधिकृत पुनर्वापर केंद्रात आहे.