लोणावळ्याची चिक्की : नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची?

लोणावळ्यास उतरलेल्या प्रवाशापुढे चिक्कीच्या दुकानांची रांगच उभी असते. यांतले ‘मूळ’ दुकान कोणते, असा प्रश्न त्याला हमखास पडतो. वरवर पाहता हा जिभेच्या चोचल्यांचा प्रश्न वाटेल. परंतु कौटुंबिक धंद्याच्या अर्थकारणातील एक महत्त्वाचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

बोरघाटातील लोहमार्ग 1863 साली वाहतुकीस खुला झाला. सदतिसास एक असा हा खडा चढ. तो चढण्यासाठी कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागत आणि लोणावळ्यास ती सोडवावी लागत. तेवढा वेळ गाडी खोळंबे आणि प्रवासी फलाटावर उतरत. मगनलाल अगरवाल यांनी रेल्वेच्या मजुरांसाठी गूळ, दाणे व तूप यांची ‘गुडदाणी’ विकण्यास आरंभ केला, पुढे तीच प्रवाशांच्या हाती पडून ‘लोणावळा चिक्की’ झाली, अशी परंपरागत हकीकत आहे. स्वस्त, पोटभरीचा आणि प्रवासात टिकणारा हा जिन्नस मजूर व प्रवासी या दोघांच्याही सोयीचा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मावळ हा भाताचा प्रदेश. ‘इंद्रायणी’ हे भाताचे प्रसिद्ध वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचेच. ऊस किंवा भुईमूग यांसाठी या तालुक्याची ख्याती नाही. चिक्कीचा कच्चा माल प्रामुख्याने घाटमाथ्यावर बाहेरूनच यायचा. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गुळामागे तेथील माती, पाणी आणि ऊस उभे आहेत. लोणावळ्याच्या चिक्कीमागे असे निसर्गदत्त भांडवल नाही. तिचे भांडवल दोनच गोष्टींचे : पाक नेमका कधी उतरवावा हे जाणणारा कारागिराचा हात आणि गिऱ्हाइकाचा विश्वास.

या विश्वासाचीच वाटणी अवघड असते. घर, जमीन, यंत्रे यांचे हिस्से पाडता येतात. नावलौकिकाचे हिस्से पाडले, तर प्रत्येक हिस्सेदार तो सर्वच्या सर्व वापरतो. आणि त्यांतील एकाने जरी हलका माल विकला, तरी तोटा सर्वांना सोसावा लागतो. स्वतःचे नाव धंद्यात प्रामाणिकपणे वापरण्यास कायदा आडकाठी करीत नाही. अशा वेळी नामसाधर्म्याच्या पाट्यांमधून निवड करण्याचा भार बिचाऱ्या गिऱ्हाइकावर पडतो. गाडी सुटण्याच्या घाईत असलेला किंवा द्रुतगती मार्गावरून पुढे निघालेला हा गिऱ्हाईक निकृष्ट माल परत करण्यासाठी घाट चढून येणार थोडाच!

म्हणूनच जुन्या नावाला नव्या कसोटीची जोड हवी. डिसेंबर 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मगनलाल चिक्कीचे उत्पादन व विक्री थांबविण्याचा आदेश दिला होता. मालाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली नाही, असा त्यात आक्षेप होता. पुढे व्यवसाय पूर्ववत सुरू झाला. मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती तपासणीच्या कागदाला पर्याय ठरू शकत नाही, हा धडा राहिला. तो एका पेढीपुरता मानणे चूक ठरेल. शेंगदाण्याला दमटपणात बुरशी धरते आणि तिच्यातून विषारी द्रव्य निर्माण होऊ शकते. लोणावळ्यासारख्या मुसळधार पावसाच्या गावी तर ही दक्षता अनिवार्यच आहे.

यावर उपाय व्यापाऱ्यांच्याच हाती आहे. लोणावळ्याच्या सर्व चिक्कीवाल्यांनी एकत्र येऊन दाणे, गूळ व आवेष्टन यांची समान प्रत ठरवावी, तपासणीचा खर्च वाटून घ्यावा आणि निर्मात्याचे नाव व तारीख ठळकपणे छापावी. लहान दुकानदारालाही ते परवडेल. मग ‘मूळ’ कोण, हा वाद घराण्यांनी खुशाल घालीत बसावा. गिऱ्हाइकाला त्याची झळ पोहोचणार नाही. पूर्वजांचे नाव वारसाहक्काने मिळते. त्याची पत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.