गेटच्या आत पोलीस भाड्याने?

सध्या अमरावतीतल्या आणि अकोल्यातल्या कॉलनीवाल्या मित्रांकडून एक कल्पना वारंवार ऐकतोय. कल्पना अशी, की सगळ्यांनी मिळून मेंटेनन्समधून थोडे पैसे बाजूला काढायचे, पोलिसांकडे रीतसर अर्ज करायचा आणि शनिवार-रविवार एक ट्रॅफिक हवालदार कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर उभा करायचा. दहा-वीस पावत्या फाटल्या की सगळे सुतासारखे सरळ! अमेरिकेत म्हणे असंच करतात.

कल्पना काढणारे लोक मूर्ख नाहीत. बरेचसे आपल्यासारखेच. दहा वर्षं पुण्यात नाहीतर हैदराबादला काढली, मग वर्क फ्रॉम होमच्या कृपेने गावी परतले, कठोरा नाक्याकडे किंवा गोरक्षण रोडच्या पलीकडे लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. आणि त्रासही खोटा नाही. आतला रस्ता अरुंद, फूटपाथ नावाचा प्रकार नाही, संध्याकाळी तिथेच पोरं सायकल शिकतात, तिथेच आजोबा शतपावली करतात, आणि तिथूनच सतरा वर्षांचा पोट्टा मागे दोन दोस्त बसवून ट्यूशनला साठच्या स्पीडने जातो. २०२० साली स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांनी जाहीरनामा काढला की पायी चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरच असावी. आपल्या कॉलनीत तीससुद्धा जास्तच वाटतात. तेव्हा काहीतरी करायला हवं यावर माझं भांडण नाहीच. माझं भांडण पोलीस भाड्याने आणण्याशी आहे.

आधी कायदा बघू. (कंटाळा येईल, पण गंमत इथेच आहे.)

मोटार वाहन कायदा, १९८८ चा बराचसा जीव 'सार्वजनिक जागा' या दोन शब्दांत आहे. जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे असा रस्ता किंवा जागा म्हणजे सार्वजनिक जागा. मालकी कोणाची हा प्रश्नच व्याख्येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ सालीच, पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या खटल्यात, जुन्या कायद्यातल्या याच शब्दांचा भरपूर व्यापक अर्थ लावला. विम्याचा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं की जागा खाजगी मालकीची असली तरी लोक तिथे येत-जात असतील, मग ते मोकळेपणी असो वा कुणाच्या परवानगीने, तर ती सार्वजनिकच. दुसऱ्या टोकाला सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२५ चा निकाल. विशाखापट्टणम पोलाद कारखान्याच्या भिंतीआड, सुरक्षा दलाच्या पहाऱ्यात जी वाहनं फक्त आतच चालतात त्यांच्यावर वाहनकर लावता येणार नाही, कारण ती सार्वजनिक जागाच नव्हे.

आता तुमची कॉलनी यात कुठे बसते ते बघा. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, झोमॅटोवाला येतो, धुणंभांड्याची मावशी येते, पाहुणे येतात, मागच्या वस्तीतले लोक शॉर्टकट म्हणून घुसतात. आगळे निकालाच्या हिशेबाने हा सार्वजनिक रस्ता म्हणायला पुष्कळ जागा आहे. तसं असेल तर पोलिसांनी इथे यायचं ते ड्युटी म्हणून, तुमच्या-माझ्या करातून. वेगळे पैसे कशाचे? आणि उद्या तुम्ही पोलाद कारखान्यासारखी भिंत घातली, परक्या माणसाला खरोखरच बंदी केली, तर मग वेगाची पावती फाडण्याचा आधारच लंगडा होतो. मग तो हवालदार तिथे उभा राहून करणार काय? म्हणजे पैसे देणं योग्य ठरेल अशी तिसरी केस उरतच नाही. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर इफ आहे, एल्स आहे, आणि आपण बिल भरतोय ते दोन्हींच्या बाहेरच्या कुठल्यातरी ओळीचं.

यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे गेटवरची ती पाटी, 'हा रस्ता खाजगी आहे, बाहेरच्यांस प्रवेश नाही'. आपल्याला ती लावताना फार भारी वाटतं. पण वाहनाचा सक्तीचा विमासुद्धा त्याच 'सार्वजनिक जागा' या शब्दांना बांधलेला आहे. उद्या आत कुणाचं पोर गाडीखाली आलं आणि भरपाईचा दावा लागला, तर विमा कंपनीचा वकील पहिला फोटो त्या पाटीचा काढेल. आगळे निकालामुळे तो हरेलही कदाचित, पण तोवर त्या आईबापांची किती वर्षं जातील?

आता कुणी म्हणेल, पोलीस असे पैसे घेऊ तरी शकतात का? शकतात. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ (तेव्हाचा मुंबई पोलीस कायदा), कलम ४७. कुणीही अर्ज करावा, आयुक्त किंवा जिल्हा अधीक्षक जादा पोलीस देऊ शकतात, खर्च अर्जदाराचा. म्हणजे अमरावती शहरात अर्ज आयुक्तांकडे, अकोल्यात अधीक्षकांकडे. कलमात हेही आहे की पैसे तुमचे असले तरी ते पोलीस पोलिसांच्याच हुकमाखाली राहतील. कागदावर उत्तम. 'जादा' हा शब्द मात्र नीट वाचा. तुमच्या कॉलनीसाठी कुणी रविवारी सकाळी नवा हवालदार भरती करत नाही. तो राजकमल चौकातून नाहीतर टॉवर चौकातून उचललेला असतो. म्हणजे तुमच्या पोराची सायकल सांभाळायला त्या चौकातून रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचा पोलीस तुम्ही घेतलात. तिने टॅक्स भरलेला आहेच, फक्त तिच्याकडे असोसिएशन नाही.

यात इतिहासाची एक चपराकही आहे. १८६१ च्या पोलीस कायद्यात इंग्रजांनी दोन सोयी केल्या होत्या. एक, कुणी अर्ज केला तर त्याच्या खर्चाने पोलीस. दुसरी, एखादा मुलूख फार वळवळ करायला लागला की तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडूनच वसूल करायचा. ही दुसरी सोय ही शिक्षा होती! गावं तिला घाबरायची. आणि आपण, ईएमआय भरणारी शिकलेली माणसं, मीटिंग घेऊन ठराव करून तीच मागतोय :)

बरं, समजा आला हवालदार. पावती कुणाची फाटणार? आमच्याच लेआउटच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा एका काकांनी सरळ विचारलं, "भाऊ, आपल्याच पोट्ट्यायले धरलं त मंग?" क्षणभर सगळे चूप. मग सेक्रेटरी म्हणाले, "तसं सांगून ठेवू ना, बाहेरच्यायले पाहाचं म्हणून." झालं! कलम ४७ मधलं ते 'पोलिसांच्याच हुकमाखाली' दोन मिनिटांत खलास. खरं तर मीटिंग तिथेच संपली होती, बाकीचा वेळ समोसे खाण्यात गेला. दहा मिनिटांत ऑर्डर पोचवायच्या धाकाने पळणारा डिलिव्हरीवाला आणि मावशीला सोडायला येणारा तिचा नवरा, यांच्या पावत्यांसाठी आपण वर्गणी काढणार. आणि बी-लाइनचा बुलेटवाला चिरंजीव तसाच फटाके फोडत जाणार, कारण त्याचे वडील खजिनदार.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांसाठी थोडंसं. फ्लोरिडात कायद्यातच तरतूद आहे की खाजगी रस्त्याचे मालक आणि नगरपालिका लेखी करार करू शकतात, आणि त्यात पोलिसांच्या खर्चाची भरपाई ठरवता येते. इलिनॉयमध्ये तर पुढची पायरी. लेक हॉलिडे नावाच्या वसाहतीच्या स्वतःच्या सिक्युरिटीवाल्याने एका रहिवाशाची गाडी वेगासाठी अडवली, रहिवासी कोर्टात गेला, आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशनच्या बाजूने कौल दिला. फ्लोरिडात हे निदान नगरपालिकेशी केलेल्या लेखी कराराने होतं. शिवाय तिथे वसाहतीतले रस्ते खरोखर वसाहतीचेच असतात, कायमचे. आपल्याकडे तसं नाही. मंजूर लेआउटमधले रस्ते विकासकाने बांधून महापालिकेच्या हवाली करायचे असतात. आपल्याकडे ते 'खाजगी' राहतात याचं कारण बहुतेक वेळा एवढंच की विकासक प्लॉट विकून मोकळा झाला, महापालिकेने फाइल दाबून ठेवली, आणि गुंठेवारी असेल तर विचारूच नका. ती नियमित करायचा कायदा २००१ चा, त्यातली मुदत २०२१ मध्ये वाढवून २०२० अखेरपर्यंत आणली, आणि रस्ते अजून मुरमाचेच. या दिरंगाईलाच आपण 'प्रायव्हेट रोड' असं झकास नाव दिलंय.

पैसे देऊन पोलीस घेतले की नातं कसं बदलतं हे बघायचं असेल तर क्रिकेट बघा. मुंबईतल्या सामन्यांच्या बंदोबस्ताचे कोट्यवधी रुपये वर्षानुवर्षं थकले. मग २०२३ मध्ये सरकारने दरच कमी केले, तेही २०११ पासून मागे जाऊन! त्यावर जनहित याचिका झाली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला फैलावर घेतलं. एकदा पोलीस ही बिल लावायची वस्तू झाली की घासाघीस आली, थकबाकी आली आणि सवलतही आली. मोठ्याला सवलत मिळते, आपल्याला काय मिळेल ते तुम्हीच ठरवा.

हिंजवडीत कंपन्यांच्या संघटनेने ट्रॅफिकसाठी वॉर्डन दिले तेव्हा मला काही खुपलं नाही, कारण वॉर्डन हात दाखवतो, दंड करत नाही. दंड करायचा अधिकार ही वेगळी चीज आहे, ती वर्गणीने येऊ नये.

मग करायचं काय? एक तर स्पीडब्रेकर. आपल्याकडे स्पीडब्रेकर म्हणजे ठेकेदाराने उरलेल्या डांबराचा घातलेला बांध, ज्यावर गरोदर बाईला रिक्षातून उतरावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ नावाचं मानक आहे. त्यात ताशी २५ च्या वेगासाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा गोलसर उंचवटा दिलाय. त्याला पगार नाही, रविवारची सुट्टी नाही, आणि खजिनदाराचा मुलगा कोण हे त्याला कळत नाही. (मोजपट्टी घेऊन आमच्या कॉलनीतला मोजला, जेमतेम दोन फूट रुंद निघाला.)

दुसरं, आपली पोरं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात दोन तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर पोर्शेखाली गेले, गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. आपण सगळ्यांनी तेव्हा संतापून स्टेटस टाकले. पण विनालायसन्स गाडीची पहिली शाळा कुठे भरते? कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर, 'आतल्या आतच तर चालवतो' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलंय, अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे कलम छापून प्रत्येक घराच्या दारावर लावा, प्रिंटआउट फुकट पडेल.

आणि तिसरं, महापालिकेला लेखी पत्र की आमचा रस्ता ताब्यात घ्या, आणि त्याची प्रत पोलिसांना, की इथे लोक जातात-येतात, सबब गस्त घाला. पैशाचा उल्लेख कुठेही नको. पोच घ्या आणि महिन्याभराने माहिती अधिकारात त्या पत्राचं काय झालं ते विचारा. आमचं पत्र मागच्या सोमवारी गेलं. एकवीस घरांच्या सह्या मिळाल्या, बी-लाइनमधल्या नाही मिळाल्या. मसुदा कुणाला हवा असेल तर मेल टाका, पाठवतो.