नाणेघाटात मुलांना नेताय? परतीची वेळ आधी ठरवा!

पाऊस धरला की दर शनिवार-रविवारी कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. सकाळी अकरा-साडेअकराला माणसं उतरतात. पायांत सपाता, कडेवर दोन वर्षांचं मूल, हातात वेफर्सची पाकिटं, आणि सगळ्यांच्या पुढे धावणारी आठ-दहा वर्षांची पोरं. लोक डोंगरात येतात याचा आम्हा गिर्यारोहकांना आनंदच आहे. संताप येतो तो त्या अकराच्या वेळेचा. सवयीच्या माणसाला ही चढण दोन-अडीच तासांची, लहान मुलं बरोबर असली तर साडेतीन तासांची. म्हणजे माथ्यावर पोचायलाच अडीच-तीन वाजणार. मग डबे उघडायचे, वाऱ्याने पाणी वर उडतं त्या उलट्या धबधब्यापाशी फोटो काढायचे, घाटातलं लेणं बघायचं आणि चार-साडेचारला शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवरून थकलेल्या मुलांना घेऊन उतरायला लागायचं. जुलैत सूर्य सव्वासातला मावळतो हे खरं, पण ढग उतरलेल्या रानात साडेसहालाच पुढचा दगड दिसत नाही. हा हिशेब घरी बसून कुणालाही करता येतो. तो केला जात नाही, हीच आमची तक्रार आहे.

डोंगरातला खरा धोका कड्याचा, असं सगळ्यांना वाटतं. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या घटना वेगळंच सांगतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली एक स्त्री आणि चार मुलं वाहून गेली. तिथे कडा चढायचा नव्हता, दोर लागत नव्हता. ती माणसं पाण्यात उभी असताना लोंढा वाढला, एवढंच झालं. १५ जून २०२५ ला त्याच मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार, दोन्हीकडे सहलीची गर्दी. सह्याद्रीतले ओढे आखूड पल्ल्याचे असतात. वर तासभर पाऊस कोसळला की खाली घोटाभर पाणी कमरेला येतं, आणि पाऊस थांबला की बहुतेक वेळा तितक्याच लवकर ओसरतं. पायथ्याच्या रानातले ओहोळ सकाळी सहज ओलांडता येतात, पण दुपारी तेच ओहोळ वाट अडवतात. सातला निघालेलं कुटुंब अशा वेळी काठावर दीड तास शांत बसू शकतं. अकराला निघालेल्यांना अंधाराची धास्ती असते, म्हणून ते मुलाला खांद्यावर घेऊन पाण्यात पाय घालतात. म्हणून आम्ही म्हणतो की हाताशी राखलेला वेळ हेच कुटुंबाचं पहिलं सुरक्षासाधन. महागडे बूट आणि रेनकोट त्यानंतर.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की ही तर दोन हजार वर्षांची राजरस्त्याची वाट, बैलांचे तांडे इथून चढत, मग आम्हाला काय होणार! वाट जुनी आहे यात शंका नाही. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहेत. पण त्याच काळातल्या जुन्नरच्या लेण्यांमधले भिक्षू पावसाळ्यात वर्षावास पाळत, एका ठिकाणी मुक्काम करून राहत. पूर्वजांचा दाखला द्यायचा, तर त्यांची ऋतूची जाणही घ्यावी. सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांशीही आमचं जमत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जिल्हाधिकारी मनाई करतात; रेड अलर्टच्या दिवशी ती मुकाट्याने पाळलीच पाहिजे. पण चार महिने डोंगर बंद ठेवला तर माथ्यावरच्या घाटघर गावात चहा-भाकरीवर जगणाऱ्या घरांचं नुकसान होतं, आणि बेफिकीर लोक आडवाटेने घुसतातच. वाटाड्या बरोबर घ्या म्हटलं की ‘त्याचे पैसे कशाला?’ असं विचारतात; या प्रश्नावर वेळ घालवायचीही आमची तयारी नाही. मुंबईहून यायला पेट्रोल आणि टोलवर जो खर्च होतो, त्यापुढे ते पैसे किती?

तेव्हा एवढं कराच. मुलं दहा वर्षांखालची असतील तर पहिला नाणेघाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात त्यांना उलटा धबधबा दाखवायचाच असेल तर जुन्नरकडून गाडीरस्त्याने माथ्यावर या आणि कठड्याच्या आत राहा. चढूनच यायचं असेल तर सातला पायथा सोडा. वर पोचा अथवा न पोचा, दुपारी एकला परत फिरा. ही वेळ घरून निघतानाच मुलांनाही सांगून ठेवा, म्हणजे वाटेत ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्या मोठ्यांना तीच आठवण करून देतील. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, मुलं मधे. चाल सगळ्यांत लहान मुलाची. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, प्रत्येक मोठ्याकडे विजेरी. पायथ्याच्या गावात किती जण वर जाताय हे सांगून जा, कारण घळीत फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. मिळाली तर ११२ लावा. आणि लेण्याच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या मुलाचा हात तिथल्या तिथे धरा. बघत उभे राहणारे आईबापही तितकेच दोषी आहेत.

न परतलेल्यांना रात्री शोधायला निघतात ती गावातली माणसं आणि आमच्यासारख्या संस्थांची पोरं. दोर आमचे, पदरमोड आमची, रविवारची झोपही आमचीच. हे काम आम्ही अभिमानाने करतो आणि करत राहू. पण वाहून गेलेलं मूल कोणतंही पथक जिवंत परत आणू शकत नाही. येत्या रविवारी निघणार असाल, तर आज रात्रीच घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि परतीची वेळ कागदावर लिहा.