अर्धं तिकीट आहे, पण गाडी कुठाय?

रायगड जिल्हा एकच, पण एसटीच्या हिशोबात त्याचे दोन तुकडे आहेत. अलिबाग, पेण, मुरूड, रोहा, माणगाव, महाड, श्रीवर्धन आणि कर्जत ही आगारं रायगड विभागात येतात आणि त्यांचं विभागीय कार्यालय पेणला आहे. पनवेल आणि उरण मात्र मुंबई विभागात. ही वाटणी कागदावरची वाटते, पण थांब्यावर उभं राहिलं की फरक कळतो. पनवेल-उरणकडे एसटीच्या जोडीला नवी मुंबई महापालिकेची एनएमएमटी आहे, आणि जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकलही आली. धरमतर खाडीच्या आपल्या बाजूला, म्हणजे अलिबाग, मुरूडपासून खाली म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत, ना प्रवासी रेल्वे, ना महापालिका. थळच्या आरसीएफपर्यंत रूळ आहेत, त्यावरून मालगाडी जाते, आपण बघायचं. इथे सार्वजनिक वाहतूक म्हणजे एसटी. ती आली नाही तर विक्रम, मिनीडोर, इको, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे.

गेल्या काही वर्षांत सरकारने एसटीसाठी मोठे निर्णय घेतले. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. विद्यार्थ्यांच्या पासाला सवलत पूर्वीपासून आहे, ग्रामीण मुलींना तर पास मोफत. निर्णय चांगलेच आहेत. बाजाराला, दवाखान्यात, माहेरी जाणाऱ्या बायकांच्या हातात त्याने पैसे राहिले, हे कुणी नाकारू नये.

पण हा पैसा कसा फिरतो ते बघा. अर्धं तिकीट बाई देते आणि उरलेल्या अर्ध्याची भरपाई सरकार एसटीला देतं. म्हणजे सरकारी मदत तिकिटामागे येते, आणि तिकीट फाटायला आधी गाडी यावी लागते. ज्या गावात दिवसाला चार फेऱ्या होत्या आणि आता एकच उरली, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा फायदा एका फेरीपुरता. फेरी पूर्ण बंद झाली तर सवलत शून्य, आणि मिनीडोरवाल्याला पूर्ण भाडं. महामार्गावरच्या गावाला सवलत भरपूर मिळते, आत सात-आठ किलोमीटरवरच्या वाडीला ती फक्त बातमीत मिळते.

फेरी बंद कशी होते, तेही समजून घ्यायला हवं. त्यात दरवेळी कुणाची दुष्टबुद्धी नसते. करोनाआधी राज्यात एसटीच्या 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या पुढे 15 हजारांच्या आसपास आल्या. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, तेवढ्या नव्या आल्या नाहीत. मधे 2021-22 चा कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला. सहा महिने गाडी नाही म्हटल्यावर लोकांनी आपापली सोय केली. कुणी कर्ज काढून स्कूटी घेतली, कुणी पोराला तालुक्याला नातेवाइकाकडे ठेवलं. संप मिटला, पण हा प्रवासी सगळा परत आला नाही. मग आगारात हिशोब मांडला जातो भारमानाचा आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नाचा. गावची सकाळची गाडी उभं राहायला जागा नसेल इतकी भरते, पण ती गावात येताना रिकामी आलेली असते. दोन्हींची सरासरी काढली की फेरी तोट्यात दिसते. मुंबई-पुण्याची गाडी त्यापुढे फायद्याचीच दिसणार. गणपतीत चाकरमान्यांसाठी, सलग सुट्ट्यांना पर्यटकांसाठी जादा गाड्या लागतात, लग्नसराईत प्रासंगिक करार असतात. अशा वेळी गाडी कुठून काढायची? जिथून ओरड कमी होते तिथून.

सगळ्यात मोठं नुकसान मुक्कामी गाडीचं. रात्री शेवटची फेरी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर समाजमंदिरात झोपायचे, गावातलं कुणीतरी पाणी-चहाचं बघायचं. पहाटे तीच गाडी निघायची. तिच्यात कोळणींच्या पाट्या, भाजीचे भारे, दूधवाले, कॉलेजची पोरं. वांगी, तोंडली, पांढरा कांदा वेळेत बाजारात पोचायचा तो या गाडीमुळे. मी स्वतः भाजी करतो म्हणून सांगतो, सात वाजता पोचलेल्या मालाचा भाव आणि साडेनऊला पोचलेल्या मालाचा भाव एक नसतो. मुक्कामी गाडी बंद झाली की पहिली फेरी आगारातून सुटून गावात यायलाच आठ वाजतात. त्या गाडीला मग माणसं नसतात, आणि माणसं नाहीत म्हणून तीही निघते.

भाड्याचीही एक गोम आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं. तीन किलोमीटर जाणाराही पूर्ण टप्प्याचे पैसे देतो. 25 जानेवारी 2025 पासून सुमारे 15 टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा जवळच्या प्रवासाला मिनीडोर आणखी जवळची वाटायला लागली.

आता शहराकडे बघू. एनएमएमटी 1996 ला सुरू झाली आणि हळूहळू आपली हद्द ओलांडून पनवेल, उरणपर्यंत पसरली. ती काही नफ्यात चालत नाही. तूट आली की महापालिका आपल्या अंदाजपत्रकातून पैसे देते, कारण पाणी, दिवाबत्तीसारखीच बसही सेवा धरली जाते. एसटीच्या मागे असं कुणी नाही. उलट ग्रामीण प्रवाशाच्या तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे, शहरी बसला हाच दर 3.5 टक्के. भातशेतीवाल्याने जास्त कर भरायचा आणि फेरी त्याचीच बंद करायची, हे गणित कुणीतरी जिल्ह्यात उघड विचारायला पाहिजे.

बस वेळेवर चालवता येते याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. गेटवेहून मांडव्याला लाँचने आलं की त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस मिळते. लाँच लागली की बस उभी, लाँचला उशीर तर बसही थांबते. प्रवाशाला पुढे पोचवणं हा तिकिटाचाच भाग धरलाय. शाळेच्या घंटेला अशी बस का जोडता येत नाही? शाळा पाचला सुटते आणि गाडी सव्वासहाला, असं असलं की आठवी-नववीतल्या मुलीचं शिक्षण घरातले लोक थांबवतात. मोफत पास तिच्या दप्तरात असतो तरीही.

दरम्यान, शहर आपल्याकडे सरकतंय. पेण-अलिबागचा भाग मुंबई महानगर प्रदेशात गेला. अटल सेतूच्या परिसरात उरण, पनवेल, पेणमधल्या 124 गावांसाठी एमएमआरडीए नवनगर आखतंय. जमिनीचे नकाशे झाले, भाव वाढले. गावातून सकाळी किती माणसं कुठे जातात, याची मोजणी मात्र कुणी केलेली दिसत नाही.

माझं मत असं, की सवलतीच्या जोडीला फेरीला पैसे द्यावेत. जिल्हा नियोजनाच्या निधीतून ठराविक शाळेच्या आणि बाजाराच्या फेऱ्यांचा किलोमीटरमागचा तोटा एसटीला भरून द्यायचा, आणि बदल्यात ती फेरी रद्द करायची नाही अशी लेखी अट घालायची. रस्ता, समाजमंदिर, हायमास्टला निधी मिळतो तर याला का नाही? दुसरं, आपल्या आतल्या रस्त्यांवर लांब गाडी वळत नाही, तिथे छोट्या गाड्या हव्यात. एसटीने 2,640 नव्या साध्या गाड्या घेतल्या आणि 5,150 इलेक्ट्रिक गाड्यांचा करार केला. इलेक्ट्रिक गाड्या काही वेळेत आल्या नाहीत. ज्या आल्या-येतील त्यातल्या किती वाडी-वस्तीवर जाणार, हे आमदार-खासदारांनी आकड्यात सांगावं.

ग्रामसभांनीही नुसतं "एसटी सुरू करा" असं निवेदन देऊन फोटो काढू नये. त्याला आगारात फाइल मिळते, गाडी मिळत नाही. कुठल्या वाडीतून किती विद्यार्थी, किती वाजता, परतीला किती, बाजाराच्या वारी किती, हे शाळेकडून आणि बचत गटांकडून मोजून ठरावात लिहावं. आणि हे काम मे महिन्यातच उरकावं. जूनमध्ये निवेदन दिलं की पोरांचे पावसातले पहिले दोन महिने पायीच जातात.